पाटीवर नसलेले अन्न

एखाद्या गावाची ओळख करून घ्यायची असेल तर तिथले देऊळ पाहावे, बाजार पाहावा, असे जुने लोक सांगत. मला वाटते, आता त्यात हॉटेलच्या पाटीचीही भर घालायला हवी. हॉटेलच्या दाराशी टांगलेली पाटी म्हणजे त्या गावाने आल्यागेल्या माणसाला करून दिलेली स्वतःची ओळखच असते. आमच्याकडे काय पिकते, आम्हाला काय आवडते आणि पाहुण्यापुढे आम्ही काय ठेवतो, हे सारे त्या पाटीवर लिहिलेले असते. निदान तसे असावे, अशी अपेक्षा असते.

या दृष्टीने चंद्रपूरच्या बसस्थानकापासून जटपुरा गेटपर्यंत एकदा पायी चालावे आणि वाटेतल्या पाट्या वाचीत जावे. प्रथम तर्रीपोहा, समोसा, आलुबोंडा आणि कचोरी भेटतात. पुढे इडली, वडा, डोसा. त्यापुढे सावजी मटण. मग पनीर बटर मसाला, दाल तडका, जिरा राइस. आणि दिवस मावळला की रस्त्याच्या कडेला हातगाडीवर नूडल्स आणि मंचुरियन. नागपूर, उडुपी, पंजाब आणि चीन अशी सगळी यात्रा अर्ध्या तासात घडते. या यात्रेत एकच मुक्काम लागत नाही, तो म्हणजे चंद्रपूर! गडचिरोलीला इंदिरा गांधी चौकाच्या आसपास हिंडले तरी थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते. क्वचित एखाद्या भोजनालयात झुणका-भाकर किंवा पाटवडीचा रस्सा मिळतो, नाही असे नाही. पण अपवादाने नियमच सिद्ध होतो.

कोणी असे समजू नये की मला या हॉटेलांचा राग आहे. उलट हॉटेलात खाणे हा माझ्या आवडीचा विषय आहे. खिसा जेवढी परवानगी देतो तेवढाच, ही गोष्ट वेगळी. हिवाळ्यात पहाटेच्या एस. टी.ने कुडकुडत उतरावे आणि समोरच्या टपरीवर पोह्याची प्लेट घ्यावी. वर हरभऱ्याची लालभडक तर्री, त्यावर चिरलेला कांदा, चिमूटभर शेव. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येते आणि दुसऱ्या घासाला थंडी पळते. पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले एक गृहस्थ अशाच एका टपरीवर माझ्या शेजारी उभे होते. 'वरून सांबार टाकू का जी?' असे पोहेवाल्याने विचारताच ते गोंधळून गेले. पोह्यावर इडलीचा सांबार कशाला, असे त्यांना वाटले असावे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे समजावून सांगेपर्यंत त्यांचे पोहे निवून गेले होते. शब्दाचा असा गोंधळ झाला की गंमत वाटते. पण शब्द नुसता वेगळा नसून मुळी पाटीवरच नसला, तर त्यात गंमत उरत नाही.

आपल्या पाट्यांवर हा सारा देश कसा आला, याला कारण आहे. या जिल्ह्यात कोळसा सापडला, बल्लारपूरला कागदाचा कारखाना निघाला, चंद्रपूरला औष्णिक वीज केंद्र उभे राहिले आणि तेलुगू, हिंदी, पंजाबी बोलणारी माणसे पोटासाठी इथे आली. राजुऱ्याचा भाग तर निजामाच्या राज्यातच होता. सिरोंच्याला आजही बाजारात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे वसली आणि त्यांच्याबरोबर त्यांची मासळी व त्यांची मिठाई आली. ज्याने त्याने आपले जेवण सोबत आणले आणि त्याला पाटीवर जागा मिळाली. हे चांगलेच झाले. आलेली माणसे आता पाहुणी राहिलेली नाहीत, ती आपलीच आहेत आणि त्यांचे पदार्थही आपलेच झाले आहेत. मात्र पंगतीत सर्वांना वाढता वाढता यजमानाचेच ताट राहून जावे, तसे इथे झाले आहे.

हे यजमानाचे ताट कसे असते? पूर्वेकडचा सारा पट्टा धानाचा. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडे वडसा, आरमोरी, गडचिरोली. इथे जेवण म्हणजे भात. सोबत कण्या घालून शिजवलेली अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, वाळवून ठेवलेली लाखोळीची भाजी, धोप्याच्या पानांच्या वड्या. मामा तलावातले झिंगे आणि मरळ. पहिला पाऊस पडला की तरोट्याची कोवळी पाने, मग कुड्याची फुले, मग बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना आपण वास्ते म्हणतो. वारुळावर उगवणाऱ्या सात्या तर वर्षातून मोजके दिवसच मिळतात. त्यांची भाजी ज्या घरात शिजते त्या घराचा पत्ता विचारावा लागत नाही, वासच सांगतो. उन्हाळ्यात मोहाची फुले, चारोळी, टेंभरे. भामरागडकडच्या माडिया बांधवांकडे कोसरीची पेज आणि लाल मुंग्यांची चटणी. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिथली सुमारे ३९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अशा जिल्ह्याच्या हॉटेलात जंगलातली एकही वस्तू ताटात पडू नये, हे आश्चर्य नाही काय?

पावसाळ्यात एक दृश्य हटकून दिसते. खेड्यांतून पहाटे निघालेल्या बाया टोपल्या घेऊन शहरात येतात आणि रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या व हॉटेलांच्या पायरीशी बसतात. टोपलीत वास्ते असतात, पळसाच्या पानात बांधलेल्या सात्या असतात. आणि पायरी चढून आत गेले की मेनूकार्डावर 'मशरूम मसाला' असतो. ते मशरूम दूर कुठेतरी खोलीत वाढवून, डब्यात बंद होऊन इथवर आलेले. जंगलातले मशरूम पायरीवर बसलेले आणि डब्यातले मशरूम टेबलावर मांडलेले! मला जे म्हणायचे आहे ते सगळे या पायरीवर आहे.

या पायरीला इतिहास आहे. हॉटेलात कोणी बसायचे, हा प्रश्न आपल्या समाजात फार जुना नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात ठराविक जातींच्या माणसाला हॉटेलाबाहेर उभे राहून, वेगळ्या कपात, वरून ओतलेला चहा प्यावा लागे. कोल्हापूरला गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावीत. एका राजाने रस्त्यावर उभे राहून घेतलेला तो कपभर चहा शंभर भाषणांच्या तोडीचा होता. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. १९५० साली राज्यघटना लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, जात वा लिंग यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. १९५५ साली अस्पृश्यतेच्या आचरणाला शिक्षा देणारा कायदा आला. आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब या आपल्या चंद्रपुरात आले, नागपूरच्या पाठोपाठ इथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्या दिवशी इथे जमलेल्या लोकांत असे कितीतरी असतील की ज्यांना हॉटेलच्या आत बसून चहा पिणे माहीत नव्हते.

म्हणून हॉटेल ही मला समतेची एक शाळा वाटते. तिथे शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे, हे कोणी विचारीत नाही. सर्वांच्या कपबश्या एकाच हौदात विसळल्या जातात. देवळात जे सहज झाले नाही ते हॉटेलच्या बाकावर झाले. हे थोडे झाले असे मी म्हणणार नाही. पण त्या शाळेचा अभ्यासक्रम अजून अर्धाच शिकवून झाला आहे. माणूस आत आला, त्याचे अन्न बाहेरच राहिले. आत बसायचे तर घरी काय खातो ते पायरीखाली ठेवून यायचे, अशी एक न लिहिलेली अट अजून शिल्लक आहे.

या अटीचा अनुभव गेल्या पावसाळ्यात मला जवळून आला. माझे बाबा शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांसाठी शहरात आले होते. दुपारी आम्ही एका हॉटेलात जेवायला बसलो. वेटरने मेनूकार्ड आणून बाबांच्या हातात दिले. आठ पानांचे, सारे इंग्रजीत. बाबांनी ते चाळून व्यवस्थित मिटले, टेबलावर ठेवले आणि विचारले, "भात भेटते का जी?"

"जिरा राइस हाय, पुलाव हाय, बिर्याणी हाय."

"साधा?"

"प्लेन राइस भेटते."

बाबांना बाहेरच्या टोपल्या आठवल्या असाव्यात. त्यांनी सहज विचारले, "अन् वास्त्याची भाजी?"

तो मुलगा हसला. "ते इथं कोन खाते काका?"

त्याच्या बोलण्यावरून बाबांनी ओळखले. "कोनतं गाव बाबू?" म्हणून विचारले, तर गाव आमच्याच तालुक्यातले निघाले. त्याच्या घरी आदल्याच आठवड्यात वास्त्याची भाजी झाली होती. म्हणजे वाढणारा झाडीपट्टीचा, जेवणारा झाडीपट्टीचा आणि ताटातला तांदूळही झाडीपट्टीचाच; मधल्या मेनूकार्डावर मात्र झाडीपट्टीचे नाव नव्हते. त्या मुलाचा यात काही दोष नाही. जे त्याने रोज पाहिले तेच त्याने सांगितले.

तांदळाचे म्हणाल तर ती एक स्वतंत्र कथा आहे. ज्याला मेनूकार्ड 'प्लेन राइस' म्हणते तो पुष्कळदा एच.एम.टी. तांदळाचा असतो. हे वाण कोणत्या प्रयोगशाळेत जन्मले नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड या खेड्यातील दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या हेरल्या, त्यांचे बी जपले आणि वर्षानुवर्षे निवड करीत हे बारीक, चवदार वाण सिद्ध केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले. शाळा त्यांनी तिसरीपर्यंतच पाहिलेली. देशाने त्यांचा गौरव केला, पण २०१८ साली ते वारले तेव्हा त्यांच्या घरची गरिबी संपलेली नव्हती. त्यांचे हे वाण कितीतरी राज्यांत पोचले. परदेशातून आलेल्या पदार्थाचे नाव आपण हौसेने, जीभ वळवून उच्चारतो. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने जन्माला घातलेल्या तांदळाला आपल्याच जिल्ह्याच्या पाटीवर 'साधा' म्हणतो. मुंबईत 'आंबेमोहोर' हे नाव भाताबरोबर टेबलावर येऊ शकते, तर चंद्रपुरात 'दादाजींचा एच.एम.टी.' असे लिहायला कोणाची हरकत आहे?

हॉटेलवाल्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मी तीन-चार जणांशी बोललो. त्यांचे म्हणणे असे की रानभाजी रोज मिळत नाही, मिळाली तर भाव ठरलेला नसतो, आणि निवडायला वेळ फार लागतो. वास्ते सोलून, बारीक चिरून, उकळून त्यांचा उग्रपणा घालवावा लागतो. त्यापेक्षा पनीर कापून रश्श्यात टाकणे केव्हाही सोपे. हे सारे खरे आहे. धंदा करणाऱ्याला गल्ल्याकडे पाहावेच लागते. पण शेवटी एकाने जे सांगितले ते मला सर्वांत खरे वाटले. तो म्हणाला, "मागत कोनी नाही ना भाऊ. मागितलं तर करू."

तेव्हा प्रश्न आपल्यापाशी येतो. आपण का मागत नाही? एक उत्तर लगेच मिळते: घरी रोज जे खातो तेच खायला हॉटेलात कशाला जायचे? वरवर बिनतोड वाटणारे हे उत्तर इतिहासात टिकत नाही. आपण चवीने खातो ते सावजी जेवण एके काळी नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकरांच्या घरचे जेवण होते. हातमाग मागे पडत गेले तसे त्या घरांतले मसाले भोजनालयांत आले, आणि आज चंद्रपूरचा माणूस त्यासाठी पैसे मोजतो. उडुपीचे जेवण १९४२ साली रामा नायकांनी माटुंग्याला मांडले ते आपल्या गावापासून दूर राहणाऱ्या माणसांसाठी. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या बायांनी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत गिरणी कामगारांना घरचेच जेवण वाढले. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायांच्या कष्टाला मान मिळावा म्हणून. तात्पर्य, हॉटेलातला प्रत्येक पदार्थ केव्हा तरी कोणाच्या तरी घरचा, आणि बहुधा गरिबाच्याच घरचा होता. त्यांनी तो पाटीवर लिहिला, आपण लिहिला नाही, एवढाच फरक.

दुसरे उत्तर कोणी उघड देत नाही, पण तेच खरे आहे. आपले अन्न हे गरिबीचे अन्न आहे, असे आपल्या मनात कुठेतरी बसले आहे. तरोटा म्हणजे टंचाईतली भाजी, कोसरी म्हणजे धान न पिकणाऱ्याचे धान्य, आणि मोह म्हटला की दारूच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरने २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे ती पाहिली. त्या सगळ्या वादात मोह हा शब्द आला तो आरोपीसारखा. त्याच मोहाची फुले भाजून, कुटून, तिळाबरोबर लाडू वळतात, पुरणासारखी पोळीत भरतात, हे कोणाला सांगावेसे वाटले नाही. डॉ. राणी बंग यांनी 'गोईण' या पुस्तकात गडचिरोलीच्या आदिवासी बायांचे झाडांशी असलेले नाते लिहून ठेवले आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. ज्या झाडांना आपल्या आया-बहिणी मैत्रीण मानतात त्यांना आपण चारचौघांत ओळख का देत नाही?

याला आपले मराठी वाङ्मयही काही अंशी जबाबदार आहे. पु. ल. देशपांड्यांचे 'माझे खाद्यजीवन' वाचताना हसून पुरेवाट होते. कमलाबाई ओगल्यांचे १९७० सालचे 'रुचिरा' महाराष्ट्रातल्या घराघरांत गेले. पण आपल्याकडची खाण्याविषयीची लेखणी बहुतेक पुणे, मुंबई, कोकण आणि कोल्हापूर यांच्यातच फिरली. अलीकडे २०१५ साली शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होते ते निर्भीडपणे सांगितले. नावातच त्यांनी विचारून टाकले आहे की ज्या पूर्णब्रह्मात आमचा घास नाही ते पूर्ण कसे? सरकारी योजनांचेही तेच. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली, २०२० साली दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. हेतू उत्तम. पण भाकर असो की पोळी, गरिबाचे ताट कसे असते हे ठरवताना धानपट्ट्यातल्या गरिबाला कोणी विचारलेले दिसत नाही.

आता एक आक्षेप असा आहे की त्याची मला स्वतःला धास्ती वाटते. ताडोब्याला देशविदेशांतून पर्यटक येतात. उद्या तिथल्या एखाद्या महागड्या रिसॉर्टमध्ये 'आदिवासी थाळी' निघेल, लाल मुंग्यांच्या चटणीचे फोटो काढले जातील आणि टोपलीवाली बाई होती तिथेच राहील. शिवाय हॉटेलांची मागणी वाढली तर जंगलावर ताण येईल. सगळे वास्ते खुडले तर नवा बांबू उगवायचा कोठून? चारोळीच्या घाईने झाडाच्या फांद्याच तोडणारे लोक आपण पाहिले आहेत. आणि भाव चढला की गावातल्या गरिबाच्याच ताटातली भाजी बाजारात जाते, हेही घडते.

हा आक्षेप खोटा नाही, आणि म्हणूनच हे काम आपले आपण करावे असे मला वाटते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क गावाला दिला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेने आपला बांबू आपण विकून दाखविला. किती तोडायचे, किती राखायचे, कोणत्या भावाने द्यायचे हे जी ग्रामसभा बांबूबद्दल ठरवू शकते ती वास्त्यांबद्दलही ठरवू शकेल. शिवाय सगळेच रान हॉटेलात आणा, असे मी म्हणत नाही. सात्या दुर्मिळ आहेत, त्या घरातच राहू द्याव्यात. पण अंबाडी शेताच्या बांधावर येते, जवस पेरला जातो, एच.एम.टी. तर दुकानात मिळतो, तरोटा पावसाळ्यात पायाखाली तुडवला जातो. यांना पाटीवर यायला जंगलाची एक फांदीही तोडावी लागत नाही.

कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो, त्याचे स्वागत आहे. बचत गटांच्या बाया तिथे हौसेने पदार्थ मांडतात आणि ते हातोहात संपतात. म्हणजे खाणारे आहेत, हे सिद्धच आहे. परंतु महोत्सव एका दिवसाचा, त्यात फीत कापली जाते, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समोसा. वर्षातून एकदा हार घालून ज्याची पूजा करायची आणि एरवी दारात उभे करायचे नाही, अशा देवांची आपल्याकडे कमतरता नाही. त्यात आपल्या अन्नाची भर नको.

मग करायचे काय? सुरुवात कॉलेजच्या कॅन्टीनपासून व्हावी, असे मी सुचवितो. आठवड्यातून एक दिवस, फक्त एक दिवस, तिथे भात, कण्या घातलेली अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी मिळावी. ती जवळपासच्या एखाद्या बचत गटाने करावी आणि ताटाऐवजी पळसाची पत्रावळ असावी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी चार महिने हिशेब ठेवावा: काय भावाने घेतले, किती खपले, किती उरले. परवडत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, बंद करावे. मराठी विभागाने आपापल्या गावच्या भाज्यांची, पदार्थांची आणि भांड्यांची नावे गोळा करावीत. झाडीबोलीतली ही नावे आजीच्या तोंडात आहेत तोवर लिहून घेतली पाहिजेत. पदार्थ शिजायचा थांबला की त्याचा शब्दही मरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांना विचारावे की हॉटेलात तुम्ही पहिल्यांदा केव्हा आत बसलात. २०११ साली या दोन जिल्ह्यांसाठी जे विद्यापीठ स्थापन झाले त्याचे नाव गोंडवाना आहे. नाव एवढे मोठे घेतले आहे तर त्या नावाच्या मातीत काय उगवते, हे त्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे.

आणि दुसरे काम प्रत्येकाने एकट्याने करण्यासारखे आहे. पुढच्या वेळी हॉटेलात गेलो की मेनूकार्ड वाचून झाल्यावर विचारायचे, "अंबाडीची भाजी भेटते का जी?" नाही असेच उत्तर मिळेल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने विचारावे, तिसऱ्या दिवशी तिसऱ्याने. आवाज चढवायचा नाही आणि भांडायचेही नाही. गिऱ्हाईक ज्या सहजतेने चहा मागते त्याच सहजतेने मागायचे. हॉटेलवाला शहाणा असतो. एकच गोष्ट दहा तोंडांतून ऐकली की अकराव्या दिवशी तो ती शिजवतो.

हॉटेलच्या दारातून सर्वांना आत जाता यावे यासाठी या देशाला सत्याग्रह करावा लागला, घटना लिहावी लागली, कायदा करावा लागला. ते काम आपल्या आधीच्या माणसांनी करून ठेवले आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. आपल्या वाट्याला जे उरले आहे ते फार सोपे आहे. त्याला मोर्चा लागत नाही आणि कायदाही लागत नाही. दाराशी टांगलेल्या फळ्यावर खडूने एक ओळ वाढवायची आहे. तेवढी एक ओळ आपल्या पिढीकडून लिहून होऊ नये, इतके काही आपण कमी शिकलेलो नाही.